जहाजाचं बूच

१

“सांगतो, पण तुमच्यातल्या एकालाबी खरं वाटणार न्हाई,” असं म्हणून अप्पाराव बाभळीच्या सावलीत बसले. मघाशीच पाण्यातून निघाले होते. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा रबरी सूट, त्यातून अजून निथळणारं पाणी, आणि चेहऱ्यावर भाव असा, की गावानं आता हार आणायला कोणाला तरी धाडावं.

“मासा,” ते म्हणाले. “वासराएवढा. जहाजात, ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला.”

“बसलेला?” चतुराबाईंनी विचारलं.

“मंग काय उभा राहील? एक डोळा माझ्यावर, एक डोळा रस्त्यावर.”

“पाण्यात कुठला आलाय रस्ता?”

“तेच तर. म्हणून तर म्हणलं, खरं वाटणार न्हाई.”

काठावरची माणसं हसली. मैमूनाबी हसल्या नाहीत. त्या बसल्याही नव्हत्या. पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला होता, पण ते त्यांच्या पायांना अजून कोणी कळवलेलं नव्हतं. काही अडलं की पाय आपोआप गस्त घालायला लागत. आत्ताही चाललं होतं तसंच. बाभळीपासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून टेम्पोपर्यंत, टेम्पोपासून परत बाभळीपर्यंत. नजर मात्र धरणाच्या फुगवट्यावर, जिथं बुडबुडे येत होते तिथं.

काठाशी त्यांचा धाकटा भाऊ अजमत हातात दोर धरून उभा होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला, तळाशी, आकांक्षा होती. पोरगी टेंभुर्णीची, मालवणला समुद्रात पर्यटकांना बुड्या मारायला शिकवायची. आज ती एकच काम घेऊन उतरली होती. तळाशी पडलेल्या जहाजाच्या बुचाचा फोटो काढून आणायचा. त्या फोटोनं अजमतचं नाव धुऊन निघणार होतं.

बुडबुडे काठाकडं सरकले. आधी डोकं वर आलं, मग काच, मग पाठीवरची नळकांडी. आकांक्षानं तोंडातली नळी काढली. तिनं अजमतकडं पाहायचं टाळलं आणि मैमूनाबींकडं पाहिलं.

“आपा, बूच न्हाई.”

“न्हाई म्हणजे?”

“सकाळी मी याच हातानं चाचपलं. घट्ट बसलेलं होतं. आता तिथं नुसतं भोक आहे. कोणीतरी काढून नेलंय.”

अजमतनं दोर गुंडाळायला घेतला.

२

आता तुम्ही म्हणाल, जालना जिल्ह्यात जहाज कुठून आलं? समुद्र इथून इतका लांब, की इथल्या आष्टी गावातल्या कैक जणांनी तो फक्त कॅलेंडरावर पाहिलाय.

तर त्याचं असं. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या भट्ट्या आहेत. त्या भट्ट्यांसाठी कुठून कुठून भंगार येतं, मोडलेल्या जहाजांचे पत्रेसुद्धा. राधेश्यामशेठच्या मिलमध्ये एकदा त्या भंगारातून अख्खी नाव निघाली. जहाज बुडायला लागलं की माणसं जिच्यात उतरवतात तसली, लोखंडी, बाकांसकट. शेठचं मन झालं नाही तिला भट्टीत घालायचं. त्यांनी तिला इंजिन बसवलं, निळा रंग दिला, त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, आणि आष्टीपलीकडच्या फुगवट्यावर माणसं-माल वाहायला पाठवून दिली. ट्रेलरवरून ती गावात शिरली तेव्हा बायकांनी तिला ओवाळलं. नाव कसली, गावाच्या दृष्टीनं जहाजच. ते चालवायला ठेवला अजमत.

आणि चार वर्षांपूर्वी, भर दुपारी, निवांत पाण्यात ते जहाज बुडालं. माणसं सगळी वाचली. चतुराबाईंच्या शेळ्या गेल्या, तेवढंच.

मग पंचायत बसली, आणि अप्पाराव उठले. अप्पाराव म्हणजे गावचे माजी सरपंच. त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की ती झाल्याशिवाय राहत नसे, मग ती आधी झालेली असो नसो. ते म्हणाले, “मी मागच्या बाकावर होतो. बूच लावलेलंच नव्हतं. डोळ्यांनी बघितलं.”

जहाज काठावर ओढून ठेवलं की त्यात पावसाचं पाणी साचतं. ते निघून जावं म्हणून मागच्या तळाला भोक असतं. जहाज परत पाण्यात ढकलण्याआधी त्या भोकात पितळी बूच आवळून बसवायचं. दोन कानांचं असतं, आट्यांवर फिरतं. ते विसरलं तर जहाज बुडणारच.

अजमत एवढंच म्हणाला, “म्या लावलं होतं.” पण एकीकडं त्याचा शब्द, दुसरीकडं अप्पारावांचा. त्या दिवसापासून पोरं त्याला बूचचाचा म्हणायला लागली. कोणी त्याच्या हाती टेम्पोसुद्धा देईना. ज्याला बूच लावता येत नाही त्याला ब्रेक तरी लावता येईल का, असं लोक त्याच्यासमोरच बोलायचे. अजमतनं पुढं तो विषयच काढला नाही.

आता नवी लाँच येणार होती. ती कोणाच्या हाती द्यायची ते ठरवायला आज दुपारी पाटबंधारेचे साहेब येणार होते. एकीकडं अजमत, दुसरीकडं अप्पारावांचा पुतण्या सोमेश्वर. म्हणून मैमूनाबींनी आकांक्षाला बोलावलं. बुडालेल्या जहाजावर उतरायचं म्हटल्यावर राधेश्यामशेठनी मालवणहून नळकांड्यांचा टेम्पो मागवला आणि स्वतःही उतरायचा हट्ट धरला. मग भट्टीवरचा सोहेब आला, मग अप्पारावही. तिघांनी गावच्या विहिरीत बुड्यांचा सराव केला. विहिरीतल्या कासवांनी तेवढे दिवस गाव सोडलं होतं असं म्हणतात.

सकाळी आकांक्षा एकटी उतरणार, तेवढ्यात चतुराबाईंनी तिला टेम्पोच्या आडोशाला ओढलं. म्हातारीचं जुनं गाव याच पाण्याखाली गेलेलं. “पोरी, खाली आसरा हायेत,” त्या म्हणाल्या. “पाण्याच्या बाया त्या. रिकाम्या हातानं त्यांच्या घरात जाऊ नये.” आणि तिच्या मुठीत लाल दोरा ओवलेल्या हिरव्या बांगड्या ठेवल्या. लपून ठेवल्या, कारण असल्या गोष्टींवर अप्पाराव दर पंधरा ऑगस्टला भाषण ठोकायचे.

आकांक्षा वर आली ती हसतच. “बूच जागेवर आहे. घट्ट,” तिनं सगळ्यांना सांगितलं. फोटो मात्र निघाला नव्हता. काळ्या मातीचा गाळ, जरा हात लागला की असा उठतो की स्वतःचं कोपर दिसत नाही. तो बसेपर्यंत थांबायचं ठरलं. तेवढ्या वेळात तिघा पुरुषांनी जहाज पुढून पाहून घ्यावं. मागं, बुचाकडं, कोणी जायचं नाही, असं ती बजावून बोलली.

तिघं गेले. तिघं आले. बूच गेलं.

“गाडी पाठवू का आपा, साहेबांना आज येऊ नका म्हणून सांगायला?” आकांक्षानं हळूच विचारलं.

मैमूनाबींनी रस्त्याकडं पाहिलं. “येऊ दे त्यांना,” त्या म्हणाल्या. “बूच चाललंय कुठं? या काठावरून अजून एक माणूस हललेला न्हाई.”

३

सोहेब सगळ्यांपासून लांब, दगडावर बसून हातमोजे धूत होता. पोरगा भट्टीवर कामाला. सुट्टीच्या दिवशी विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढून द्यायचा. जहाज होतं तेव्हा त्यावर अजमतच्या हाताखाली होता. हातमोजे कोपरापर्यंत चिखलानं भरलेले होते.

“पुढं नुसतं बघायचं होतं ना?” मैमूनाबी त्याच्या भोवती फिरत म्हणाल्या. “मंग एवढा चिखल कुठं लागला?”

“लागला, आपा.”

“सोहेब, मी तुझ्या अम्मीला तुझ्या जन्माच्या आधीपासून ओळखते. सच बोल.”

त्यानं मोजा पिळला. पुन्हा भिजवला. पुन्हा पिळला.

“त्या दिवशी जहाज चाचा चालवत नव्हते,” तो शेवटी म्हणाला. “चक्र माझ्या हातात होतं. अप्पांनी सरकीची पोती मागं रचली होती, बाकाच्या वरपर्यंत. मागची बाजू पाण्याला टेकून राह्यली होती. चाचा म्हणले, तू चक्र धर, मी दोन पोती पुढं घेतो. अप्पा पोत्याला हात लावू देईनात. तेवढ्यात पाणी आत आलं. मला वाटलं, मीच कशावर तरी आदळवलं. खाली जुन्या गावाचं देऊळ आहे, त्याच्या कळसावर.”

“आन अजमतनं हे पंचायतीत का न्हाई सांगितलं?”

“पोत्यांचं सांगितलं असतं, तर चक्र कोणाकडं होतं ते निघालं असतं. माझं लग्न ठरलं होतं तवा.”

मैमूनाबी थांबल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचे पाय जागेवर राहिले. त्यांनी काठाकडं पाहिलं. अजमत गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळत होता.

“आज मी जहाजाच्या पोटाखाली हात घालून बघितलं,” सोहेब म्हणाला. “पोचा न्हाई, चीर न्हाई. म्हणजे मी न्हाई बुडवलं. ते मागून भरलं. पोत्यांनी.”

“मंग बूच तू का काढशील,” मैमूनाबी स्वतःशीच म्हणाल्या. “बूच जागेवर दिसलं असतं तर तूबी सुटला असता.”

“मी पुढंच होतो आपा. पण एक सांगतो. मी जहाजाच्या नाकाखाली होतो तवा गाळाचा लोट मागून आला. मागं कोणीतरी हात घातलाच.”

“शेठ कुठं होते?”

सोहेब घुटमळला. “ते त्यांनाच विचारा.”

४

राधेश्यामशेठच्या कमरेला भला मोठा पाना लटकत होता. सूट काढला, टॉवेल गुंडाळला, तरी पाना सुटला नव्हता.

“मैमूनाबी, बिलकुल साफ सांगतो,” ते म्हणाले. “मी एकटा फिरलो. अख्खं जहाज. एक एक जोड तपासला. माझ्या मिलमध्ये झालेलं वेल्डिंग आहे, आज पण तसंच.”

“मागचेबी जोड तपासले?”

“सगळे.”

“म्हणजे बुचापाशी गेले होते.”

शेठचा हात पान्यावर गेला. आपण कुठल्या खड्ड्यात पाय घातला ते त्यांना आत्ता दिसलं. बूच जागेवर सापडलं असतं तर गाव म्हणालं असतं, मग जहाज बुडालं कशानं? जोड सुटले असतील. आणि इथं पाना कमरेला.

मैमूनाबींनी त्यांच्या उजव्या हाताकडं पाहिलं. बोटांच्या पेरांवर पट्ट्याच्या विणीचा ठसा उठला होता, अजून लाल. सोहेबच्या कमरेला तसलाच पट्टा होता, आणि एका बाजूनं तो ताणून लोंबत होता.

“शेठ,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझे अब्बा बारवेत उतरायला भ्यायचे. मरेपर्यंत घरात कोणाला सांगितलं न्हाई.”

राधेश्यामशेठनी काठावरच्या माणसांकडं पाहिलं, मग टॉवेल सारखा केला.

“खाली अंधार होता फार,” ते म्हणाले. “बॅटरी लावली तर टीचभर दिसतं. मी त्या पोराचा पट्टा धरला तो वर येईपर्यंत सोडला नाही. हे साहेबांसमोर सांगू नका.”

“न्हाई सांगत.”

म्हणजे दोघं पुढं, एकमेकांना बांधल्यासारखे. राहिला एक. पण तो एक सगळ्यांच्या आधी वर आलेला, थरथरत, मासा-मासा करत. मागं गेलोच नाही, पुढूनच पळालो, असं सगळ्यांसमोर सांगून बसलेला. आणि त्याच्या शब्दापुढं या गावात आजवर कोणाचा शब्द टिकलेला नव्हता. झडती घ्यायची तर मैमूनाबींच्या अंगावर आता वर्दी नव्हती. नुसता आळ घेतला तर पुन्हा पंचायत, पुन्हा अप्पाराव उभे, पुन्हा अजमत खाली मान घालून.

रस्त्यावर लांब धुरळा दिसला. साहेबांची जीप.

५

मैमूनाबी बाभळीखाली गेल्या आणि, सगळ्यांना नवल वाटेल अशा, मांडी घालून खाली बसल्या.

“अप्पा,” त्या म्हणाल्या, “मघाशी तुमच्या माशाकडं माझं लक्ष नव्हतं. परत सांगा की.”

ऊन आता सावलीतही पोचलं होतं. सोहेब आणि शेठ केव्हाचे कोरड्या कपड्यांत होते. अप्पाराव मात्र अजून त्या काळ्या रबरात, घामानं लाल झालेले.

“सूट तरी काढा आधी,” आकांक्षा म्हणाली. “भोवळ येईल, अप्पा.”

“थंडी वाजून राह्यली मला. राहू दे.” आणि ते सांगायला लागले.

मैमूनाबींनी उभ्या नोकरीत जबान्या ऐकल्या होत्या. खरं सांगणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना कंटाळतो, कमी सांगतो. रचून सांगणाऱ्याचं दर वेळी वाढत जातं, कारण ऐकणाऱ्याच्या तोंडावरचं नवल त्याला पुरत नाही. आणि घरचा माल संपला की तो हाताशी येईल ते उचलतो. त्यांनी अप्पारावांना थांबवलं नाही. उलट चुकचुकल्या, मान डोलावली, आकांक्षाला चहा ओतायला लावला.

मासा वासराचा रेडा झाला. रेड्याला मिशा फुटल्या.

“मिशा काय, कोणत्याबी माशाला असतात,” चतुराबाई म्हणाल्या.

“पिळदार होत्या.”

“बरं.”

“मी हात जोडले. म्हणलं, बाबा, गावचा माजी सरपंच आहे, जाऊ दे. तर त्यानं मान हलवली.”

“काय म्हणला?” मैमूनाबींनी विचारलं.

“पाण्यात काय ऐकू येतंय? पण बाईमाणूस होतं ते, एवढं मला कळलं.”

“मिशावाली?”

माणसं खदखदली. गोष्ट अप्पारावांच्या हातातून निसटत होती आणि साहेबांची जीप उतारावर आली होती. साहेबांसमोर हसं होणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी घाम पुसला आणि हाताशी आलं ते उचललं.

“बाईच. मी सांगतो ना. कल्ल्याला हिरव्या बांगड्या होत्या तिच्या. लाल दोऱ्यात ओवलेल्या. बॅटरीत चमकून राह्यल्या होत्या. आता बोला.”

चतुराबाईंनी हात जोडले. डोळे भरून आले त्यांचे. “घेतल्या गं बायांनी,” त्या म्हणाल्या. “माझ्या बांगड्या घेतल्या आसरांनी. पोरी, पोचल्या बघ.”

“कोणाच्या बांगड्या?” राधेश्यामशेठनी विचारलं.

आकांक्षाच्या हातातली किटली तशीच राहिली. “मावशींनी सकाळी दिल्या होत्या. मी कोणाला बोलले न्हाई.” ती अप्पारावांकडं पाहत सावकाश म्हणाली, “मी त्या बांधल्या जहाजाच्या मागच्या तळात. बुचाशेजारी कडी आहे, तिला.”

जीप थांबली. दार वाजलं. पाटबंधारेचे साहेब उतरून बाभळीच्या सावलीत येऊन उभे राहिले.

“मासा आहे तो,” अप्पाराव म्हणाले. “हिंडतो. मागं गेला असंल, बांगड्या अडकल्या असतील, आला पुढं. त्याला काय बुचापाशी जायला बंदी आहे?”

मैमूनाबींनी आकांक्षापुढं हात केला. तिनं कॅमेरा दिला. मघाशी गाळ बसल्यावर तिनं काढलेला फोटो, बूच नसल्यामुळं आतापर्यंत कोणी धड पाहिलाही नव्हता. मैमूनाबींनी तो आधी साहेबांना दाखवला, मग सगळ्यांना. उघडं भोक, गाळात कोणाच्या तरी बोटांनी ओढलेल्या रेघा, आणि शेजारी लोखंडी कडी. कडीला लाल दोरा, आकांक्षानं मारली तशीच गाठ, आणि हिरव्या बांगड्या. एकही हललेली नाही.

“बांगड्या कडीवरच आहेत, अप्पा,” मैमूनाबी म्हणाल्या. “मासा त्या घालून तुमच्याकडं आलाच न्हाई. तुम्ही त्यांच्याकडं गेले होते. आणि टीचभर दिसणाऱ्या पाण्यात त्या दिसल्या, म्हणजे तुमचा हात बुचापासून टीचभरच होता. चार वर्षांपूर्वी तुम्ही सांगितलं, बूच नव्हतं. आज सकाळी ते जागेवर निघालं. एक तर बूच जायला पायजे होतं, न्हाईतर तुमचा शब्द.”

“मैमूनाबी, तुम्ही भावासाठी बोलून राह्यल्या,” अप्पाराव म्हणाले. आवाज तोच होता, पंचायतीतला, भरदार. ते उठून साहेबांकडं वळले. “साहेब, या गावात चाळीस वर्षं माझा शब्द चालतो. मी सांगतो तुम्हाला, मी मागं गेलोच न्हाई, आणि त्या दिवशी बूच—”

“खोटं.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. अजमतनं दोर खाली टाकला होता. तो माणसांमधून वाट काढत आला, अप्पारावांच्या समोर उभा राहिला, आणि त्याला पाहून अप्पारावांचा हात आपोआप रबराखाली फुगलेल्या पोटावर गेला.

“तवाबी खोटं बोलल्ते, अप्पा, आताबी खोटं बोलून राह्यले,” अजमत म्हणाला, आणि त्यानं हात पुढं केला. “आणा माझं बूच.”